दाराशी कोणी नसतं

माझ्या गाडीच्या डिकीत एक रिकामा पट्टा असतो. काळा, रबरी, आणि त्याला साबणाच्या वडीएवढी प्लॅस्टिकची डबी. डबीत काही नाही, नुसतं कवच. ज्याला गृहकैदेची शिक्षा होण्याची शक्यता आहे त्याच्या घरी पहिल्यांदा जाते, तेव्हा तो पट्टा मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवते आणि थोडा वेळ काही बोलत नाही. आधी पोरं हात लावतात. मग बायका. ज्याच्या पायात तो जायचा असतो तो बहुधा खिडकीबाहेर बघत असतो.

नोकरीच्या सुरुवातीला आम्हालाही दोन-तीन दिवस असा पट्टा घालून राहायला सांगितलं होतं. तेव्हा आई साताऱ्याहून आली होती. रात्री माझा पाय पांघरुणाबाहेर आलेला बघून म्हणाली, "हे काय गं पायात?" मी समजावून सांगितलं. तिनं चष्मा वर करून, वाकून नीट पाहिलं आणि म्हणाली, "त्यापेक्षा तोडे परवडले. त्यांचा आवाज घरापुरता तरी असायचा."

मी ऑकलंडच्या दक्षिण भागात प्रोबेशन ऑफिसर आहे. सोळा वर्षं झाली. शिकले पुण्यात, कर्वे समाज सेवा संस्थेत. तिथं आपला १९५८ चा प्रोबेशनचा कायदा घोकला होता, 'परिवीक्षा अधिकारी' हा शब्द परीक्षेत लिहिला होता. पण तो शब्द घरात कुणाला कळत नाही, म्हणून मी प्रोबेशनच म्हणते. त्यावर मामांनी एकदा काळजीनं विचारलं होतं, "इतकी वर्षं प्रोबेशनवरच? अजून कायम केलं नाही होय तुला?"

न्यूझीलंडमध्ये ह्या पट्ट्याचा पहिला प्रयोग १९९५ साली ऑकलंडमध्येच झाला. १९९९ पासून तुरुंगवास झालेल्या काहींना तो घरी भोगायची मुभा मिळू लागली, आणि १ ऑक्टोबर २००७ पासून गृहकैद ही स्वतंत्र शिक्षा झाली. कमीत कमी १४ दिवस, जास्तीत जास्त १२ महिने. जिथं एरवी दोन वर्षांपर्यंतचा तुरुंगवास झाला असता, तिथंच ती देता येते. मुळात कल्पना अमेरिकेतली. न्यू मेक्सिकोत अल्बुकर्कच्या जॅक लव्ह नावाच्या न्यायाधीशांना स्पायडर-मॅनच्या चित्रकथेवरून ती सुचली असं सांगतात, आणि १९८३ साली त्यांनी ती वापरून पाहिली. घरात लहान मुलं असली की ही गोष्ट मी नक्की सांगते. बाबांच्या पायातली वस्तू स्पायडर-मॅनच्या गोष्टीतून आलीय म्हटल्यावर चेहरे उजळतात. एका सहा वर्षांच्या पोरानं मात्र विचारलं, "मग ती कुणाच्या पायात होती?" गोष्टीत ती खलनायकानं स्पायडर-मॅनच्या हाताला अडकवलेली असते. मी म्हटलं, स्पायडर-मॅनच्या. तेवढ्यावर तो खूश झाला.

माणसानं गुन्हा कबूल केला किंवा तो सिद्ध झाला, की न्यायाधीश आमच्याकडून अहवाल मागवतात. ह्याला घरी ठेवता येईल का, आणि कुठल्या घरी? मग मी त्या पत्त्यावर जाते. तिथं सिग्नल मिळतो की नाही ही तपासणी वेगळी होते, ती यंत्रवाल्यांची. माझी तपासणी माणसांची. कायदा म्हणतो की कुटुंबाचं घर असेल तर तिथं राहणाऱ्या सोळा वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला ह्या माणसानं आत्ता काय केलंय आणि आधी काय काय केलं होतं ह्याचं स्वरूप सांगायचं. ही माहिती फक्त निर्णय घेण्यापुरती आहे हेही सांगायचं. मग त्याची संमती घ्यायची. आणि ती संमती कधीही मागे घेता येते हे बजावायचं. कागदावर हे चार ओळींत बसतं. सोळा वर्षांच्या मुलीसमोर तिच्या वडलांचे जुने गुन्हे वाचून दाखवताना त्या चार ओळी किती लांब होतात ते तिथं बसल्यावर कळतं. कितीतरी घरांत आईला जे माहीत नव्हतं ते तिला माझ्या तोंडून कळलंय.

धाकटा भाऊ साताऱ्यात वकिली करतो. २०२२ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं भीमा-कोरेगाव प्रकरणातले आरोपी गौतम नवलखा यांना तळोजा तुरुंगातून काढून नवी मुंबईत नजरकैदेत ठेवायला परवानगी दिली, तेव्हा त्याचा फोन आला: "ताई, तुझं काम आता आपल्याकडं आलं बघ." मी म्हटलं, हे माझं काम नव्हे. तिथं कॅमेरे, दाराशी पोलीस, आणि त्या बंदोबस्ताचा खर्चही त्यांच्याकडूनच. नजरकैद हा शब्द त्याला बरोबर बसतो, कारण तिथं नजर बाहेरच्याची असते. पुढच्या वर्षी जम्मू-काश्मीरच्या पोलिसांनी जामिनावरच्या आरोपीच्या पायात जीपीएसचा पट्टा घातला तेव्हा पुन्हा फोन आला, आणि ह्या वेळी मी 'हो, हे जवळपास तेच' म्हटलं. आमच्याकडं दाराशी कोणी नसतं. पट्टा कुठंतरी दूर एका पडद्यावर ठिपका दाखवतो, तेवढंच. दाराशी कोणी नसतं म्हणून घरातलंच कुणीतरी दाराशी जाऊन बसतं. हे शिकायला मला एक आजी भेटावी लागली. ते पुढं सांगते.

आधी तयारीचं. घरात गेल्यावर मी सगळ्यांना उठवते आणि कुंपण फिरून येऊ म्हणते. ऑकलंडमधली जुनी घरं लाकडी, बैठी. पुढं गवताचा तुकडा, मागं कपडे वाळत घालायचा छत्रीसारखा फिरता दांडा, एखादी ट्रॅम्पोलिन, गॅरेज. टपालपेटी अगदी रस्त्याच्या कडेला. आम्ही चालतो. इथपर्यंत येता येईल, इथून पुढं नाही. टपाल आणायचं कुणी? कचऱ्याचे डबे आठवड्यातून एकदा रस्त्यावर ठेवायचे असतात, कोण ठेवणार? पोरगं विचारतं, ट्रॅम्पोलिनवर बाबा येतील का? येतील. चेंडू शेजाऱ्याकडे गेला तर? तू आणायचा. घराला आग लागली तर? हा प्रश्न हमखास येतो आणि विचारणारा हमखास ओशाळतो. कायद्यानं त्याचाही विचार केलाय: जिवाला धोका असेल तर, किंवा तातडीनं डॉक्टर किंवा दाताचा डॉक्टर गाठायचा असेल तर बाहेर पडायला परवानगी लागत नाही. बाकी नोकरी, कोर्स, व्यसनमुक्तीचा वर्ग, सगळं आधी विचारून. पळाला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २,००० डॉलरपर्यंत दंड. आणि हे कुणाला माहीत नसतं, पण यंत्र बसवायला किंवा तपासायला आलेल्याला दारातून परत पाठवणं हा घरातल्या दुसऱ्या कुणासाठीही गुन्हाच.

मग खर्च. माणूस दिवसभर घरात असला की हीटर दिवसभर चालतो. ऑगस्टमधलं, म्हणजे इथल्या थंडीतलं, विजेचं बिल बघून एका सासूबाईंनी मला विचारलं होतं, हे सरकार देणार का? खाणंही वाढतं. रिकामा बसलेला पुरुष दिवसातून किती वेळा फ्रीज उघडतो ह्याची कुणी मोजदाद ठेवलेली नाही, पण माझ्या ओळखीच्या प्रत्येक बाईनं ती तक्रार केली आहे.

आणि मयत. माओरी घरात कुणी गेलं तर तीन-तीन दिवस सगळं गणगोत मराएवर, म्हणजे त्यांच्या सभास्थानी, जमतं. न जाणं हा विचारच त्यांच्या डोक्यात येत नाही. म्हणून मी आधीच विचारते: घरात कुणी फार आजारी आहे का? प्रश्न निर्दय वाटतो. पण रात्री दोन वाजता मावशी गेल्याचा फोन आल्यावर पायात पट्टा असलेल्या माणसानं काय करायचं, कुणाला कळवायचं, हे दुपारच्या चहावर ठरलेलं बरं. एक म्हातारा म्हणाला होता, "फानाऊला ही बाई मृत्यूचं वेळापत्रक विचारते." फानाऊ म्हणजे कुटुंब, आपलं 'भावकी' त्याच्या जास्त जवळ जातं.

तर ती आजी. सामोअन. मांगेरेत घर, अंगणात केळी. नातू बावीसचा; दारूच्या भरात एकाचा जबडा मोडला होता. आई-बाप ऑस्ट्रेलियात, त्यामुळे पत्ता आजीचा. आजींना इंग्रजी थोडं यायचं, पण ते दुकानापुरतं. मुलाची मोठी बहीण तिथं होती, चुणचुणीत, विद्यापीठात शिकणारी. ती म्हणाली, मी सांगते आजीला. दुभाष्या ठरवायला आणखी एक आठवडा गेला असता, आणि माझ्या हातात तेवढे दिवस नव्हते.

आजींनी कोको दिला. सामोअन कोको आपल्या चहाच्या दुप्पट मोठ्या मगात येतो आणि तळाशी भरड गाळ असतो. तो चावून खायचा की सोडायचा हे मला अजून कळलेलं नाही. मी अर्धा तास बोलले. पट्टा कसा, सीमा कुठली, तुमची जबाबदारी काय आणि काय नाही, हे घर तुमचं आहे, नको वाटलं तर कधीही सांगा. बहीण मधूनमधून आजीकडे वळून सामोअनमध्ये बोलायची. माझ्या पाच मिनिटांचं तिचं एक वाक्य व्हायचं. आजी मान डोलवायच्या. इओए, इओए. हो, हो. मी लिहिलं: घरमालकीण पूर्ण कल्पना असून राजी. नऊ महिन्यांची शिक्षा झाली, तो थेट आजीकडे गेला, यंत्रवाला येईपर्यंत सोफ्यावर बसून राहिला, आणि पट्टा बसला.

चौथ्या महिन्यात, रात्री नऊच्या सुमारास, आजींच्या चर्चमधल्या एका बाईंचा निरोप आला. आजी म्हणतायत, त्याला घेऊन जा.

सकाळी मी गेले, ह्या वेळी रीतसर दुभाषी बाईंना घेऊन. नातू आपल्या खोलीत. आजी दाराजवळच्या सोफ्यावर बसल्या होत्या. सोफ्यावर उशी आणि घडी केलेली रजई. मी विचारलं, काय झालं? त्या बराच वेळ बोलल्या. दुभाषी बाई ऐकत राहिल्या, आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं ते मला आवडलं नाही.

आजी चार महिने चर्चला गेल्या नव्हत्या. सामोअन म्हातारीनं रविवारी चर्चला न जाणं म्हणजे काय ते कसं सांगू? आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या माळकऱ्यानं आषाढीला घरात लोळत पडावं तसं. चर्चनंतरचं मोठं जेवण, तोओनाई, वर्षानुवर्षं त्यांच्या घरी व्हायचं; तेही बंद, कारण पाहुणे आले की गडबडीत पोरगा सटकेल. ऑक्टोबरातला मुलांचा पांढऱ्या कपड्यांचा रविवार येऊन गेला आणि पतवंडं त्यांनी फोनवर पाहिली. रात्री त्या दाराशी ह्या सोफ्यावर झोपत होत्या. मध्ये उठून नातवाचा पट्टा चार्ज झालाय की नाही बघत होत्या, तो झोपलेला असताना, पांघरूण उचलून.

मी म्हटलं, पण हे सगळं करायला तुम्हाला कुणी सांगितलं?

आजींनी माझ्याकडे बोट केलं.

बहिणीनं माझ्या अर्ध्या तासाचं जे भाषांतर केलं होतं ते आजींना शब्दन्‌शब्द पाठ होतं. 'तू त्याच्यावर लक्ष ठेवायचं, नाहीतर पोलीस येतील.' बस. बहिणीच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला तेच महत्त्वाचं वाटलं, आणि खरं सांगायचं तर कुणाही घरात थोरल्या बहिणीला तेच महत्त्वाचं वाटेल. चूक माझी. लांब प्रश्नाला आखूड भाषांतर आणि त्याला लगेच आलेला होकार, ह्या तिन्ही गोष्टी माझ्यासमोर टेबलावर होत्या.

मग सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो गेला तर जबाब त्याला द्यायचाय, तुम्हाला नाही. आजींनी तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारलं, म्हणजे तो पळाला तर मला धरणार नाहीत? नाहीत. घर काढून घेणार नाहीत? नाही. त्यांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटल्या, मग म्हणाल्या, तर मग राहू दे त्याला.

इथं गोष्ट संपली असती तर मी ती प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगत सुटले असते. दुसऱ्याच रविवारी आजी चर्चला गेल्या आणि नातू पेट्रोल पंपावर सिगारेट आणायला गेला. बावीस मिनिटं. प्रकरण कोर्टात गेलं, बोलणी खाल्ली, शिक्षा पुढं चालू राहिली. त्यानंतर मी भेटायला गेले तेव्हा आजींनी दुभाषीमार्फत एकच विचारलं: मी गेले नसते तर? मला उत्तर देता आलं नाही. आजी घरात बसल्या नसत्या तर तो चार महिने तरी बसला असता का, हे मला आजही ठाऊक नाही. निघताना पाहिलं, सोफ्यावर उशी पुन्हा आली होती.

त्यानंतर मी एक प्रश्न वाढवला. आधी मी 'तुम्ही तयार आहात का' असं विचारायचे. ह्याला कुणीही हो म्हणतं. पोटचं पोर दारात उभं असताना नाही कोण म्हणेल? आता मी घरातल्या प्रत्येक बाईला एकटीला गाठून विचारते: तुमचा आठवडा सांगा. सोमवारी कुठं जाता? मंगळवारी? पत्ते खेळायला, हाउझीला, बहिणीकडे, पोहायला. ते सगळं मी लिहून घेते आणि महिन्याभरानं पुन्हा विचारते. यादी आखडली असेल तर मला कळतं की दाराशी कुणीतरी बसायला लागलंय.

आपल्या माणसांची फाइल येते तेव्हा मी जरा सावरून बसते. ऑकलंडमध्ये मराठी घरं आता बरीच झाली, पण तरी मंडळाच्या दिवाळीला सगळे एकमेकांच्या मुलांची नावं जाणून असतात. एक फाइल आली: कंपनीच्या हिशेबात हात मारलेला गृहस्थ, पत्ता पापाटोएटोए. आडनावावरूनच कळलं. वरिष्ठांना सांगितलं, ओळख नाही, पण उद्या निघू शकते. त्यांनी विचार करून केस माझ्याकडेच ठेवली.

दार बायकोनं उघडलं. दहा मिनिटं आम्ही इंग्रजीत बोललो. मग ती एकदम म्हणाली, "ताई, मंडळात कळणार नाही ना?" माझ्याकडून नाही, मी म्हटलं. ते खरं होतं आणि अपुरंही होतं. दुसऱ्या घरांत भाषा बदलली की दोघींत आडोसा तयार होतो. इथं मराठीत बोलून काय उपयोग, नवरा शेजारच्या खोलीत सगळं ऐकत होता. मी तिला अंगणात घेऊन गेले आणि आम्ही कपडे वाळत घातले. ओल्या चादरीआड बाया जे बोलतात ते टेबलावर बोलत नाहीत.

तिची अडचण पहिली ही की गणपती तीन आठवड्यांवर. दरवर्षी पन्नास माणसं येतात. नवरा सोवळं नेसून पूजा करतो. सोवळ्याखाली घोटा झाकत नाही. पट्ट्याला काही गुंडाळता येईल का? मी म्हटलं, त्याच्याशी छेडछाड नको, पण फुल पँट घातलेली चालते. बारा वर्षांची मुलगी मागं उभी होती हे आम्हाला कळलंच नव्हतं. ती म्हणाली, "मग बाबांनी पायजमा घालावा ना. बाप्पाला काय." त्यावर आई हसली आणि मग चिमटे तोंडात धरूनच रडली.

शेवटी त्यांनी तीन घरांना खरं सांगितलं, बाकीच्यांना पाठीचं दुखणं. साताऱ्याकडच्याच असलेल्या सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर 'ऑफिस घरूनच आहे' इतकं सांगितलं की भागतं. कोविडनं ती सोय सगळ्या जगाला करून दिली आहे. विसर्जनाला बाहेर जाण्याची परवानगी मागता आली असती. त्यानं मागितली नाही. मागच्या अंगणात बादलीत विसर्जन झालं, शाडूची लहान मूर्ती, आणि ते पाणी त्यानं लिंबाच्या झाडाला घातलं. दसऱ्यापर्यंत मंडळात सगळ्यांना कळलं होतं. कुणी काही बोललं नाही, हेच तिला सगळ्यात जड गेलं म्हणे.

पण तिचा खरा प्रश्न तिसऱ्या भेटीत निघाला. घरात गाडी चालवणारा नवरा. तिच्याकडे लायसन्स होतं पण मोटरवेवर कधी घातली नव्हती. मुलीचे पोहण्याचे वर्ग, किराणा, तिची स्वतःची नोकरी, सगळं पलीकडे. शिक्षा सुरू व्हायच्या आधीच्या दोन शनिवारी तो शेजारच्या सीटवर बसला आणि ती पहाटे साडेपाचला रिकाम्या मोटरवेवर चढायला शिकली. एक्केचाळिसाव्या वर्षी. ट्रक शेजारून गेला की ती डोळे मिटायची, असं त्यानंच मला सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. आमच्या अहवालात ह्या गोष्टीला रकाना नाही. मी 'इतर' मध्ये लिहिलं.

परवाचं सांगून थांबते. एक माणूस आत होता, रिमांडमध्ये तीन महिने. पत्ता बायकोचा. तिच्याबरोबर तीन मुलं आणि त्याची आई. मारहाणीची कुठं नोंद नाही, मी पोलिसांनाही विचारून घेतलं होतं. सासू आनंदात; तिनं मुलाची खोली कुठली ते दाखवलं, टीव्ही कुठं हलवायचा ते ठरवून ठेवलं होतं. बायको चहा करत होती. तुम्हाला चालेल ना? चालेल. मी म्हटलं, जरा आपण दोघी बाहेर बोलू या का? ती म्हणाली, नाही, ठीक आहे, लपवण्यासारखं काही नाही. सासू मान हलवत होती. मी आठवडा विचारला; तिनं सोमवार ते रविवार भराभर सांगितला, पाठ असल्यासारखा. आता ह्यापुढं काय करायचं? दुसऱ्या भेटीचं ठरवून मी उठले.

गाडीत बसून किल्ली लावली तर ती धावत आली, पायात नुसते मोजे. हातात माझा पट्टा, दोन बोटांत धरलेला, मेलेला उंदीर धरावा तसा. "हे राहिलं टेबलावर."

मी काच खाली केली. पट्टा घेतला. ती हलली नाही. मी म्हटलं, समजा तुम्ही नाही म्हणालात. आज रात्री काय होईल?

"आज रात्री? काही नाही," ती म्हणाली. "आज रात्री तो आत आहे." मग थोड्या वेळानं: "तो काही करत नाही. मारत नाही, काही नाही. तीन महिने मला झोप लागतेय, एवढंच."

मी तिला सांगितलं, कारण देण्याची सक्ती नाही. पण अहवाल त्याच्या वकिलाला दिसतो, त्यालाही दिसतो. तुम्ही नाही म्हणालात असं मी लिहिलं तर तो ते वाचेल. आणि खोटं मी लिहू शकत नाही. योग्य पत्ता नाही म्हणून त्याला तुरुंगात पाठवलं, तरी पुढं दुसरा पत्ता मिळाल्यावर गृहकैदेसाठी अर्ज करायची मुभा न्यायाधीश देऊ शकतात, हेही सांगितलं. त्याला एक बहीण आहे, ती म्हणाली, हॅमिल्टनला.

ती घराकडे बघत उभी राहिली. खिडकीत सासू दिसत होती, टीव्हीची वायर ओढत.

"बेडरूम दोन आहेत," ती म्हणाली. "माणसं पाच. तो आला की सहा. मोठी मुलगी चौदाची आहे, ती आजीबरोबर झोपते. हे तुम्ही बघितलंत ना आत?"

"बघितलं."

"हे खरं आहे ना?"

"खरं आहे."

"मग हे लिहा," ती म्हणाली, आणि मोजे ओले झाले म्हणून गवतावरून न जाता सिमेंटच्या पट्टीवरून आत गेली.